'सर्व्हरवरची फाईल उघडत नाहीये': सपोर्टच्या नोकरीत नवीन असणाऱ्यांसाठी

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून ठाणे-नवी मुंबईत पहिली नोकरी बहुतेकांना मिळते ती देखभालीचे करार घेणाऱ्या छोट्या कंपनीत. सकाळी वागळे इस्टेट, दुपारी ट्रान्सहार्बर लोकलने रबाळे नाहीतर महापे. नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात थर पाठ असतात, पण साइटवर पहिलं वाक्य कानावर पडतं ते, "अहो, सर्व्हरवरची फाईल उघडत नाहीये."

त्यातून ऑफिस मिश्र असेल तर मजाच. डिझाईनवाल्यांकडे मॅक, अकाउंट्सला टॅलीसाठी विंडोज आणि कोपऱ्यात लिनक्सवर सांबा (विंडोजच्या पद्धतीने फाईली शेअर करणारा प्रोग्राम) चालवणारा सर्व्हर किंवा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली सगळ्यांची डिस्क. अशा ठिकाणी कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी करून बघा. तीच फाईल, तेच लॉगिन, दुसऱ्या मशीनवर. मग तेच मशीन, लॉगिन दुसऱ्याचं. लॉगिनबरोबर तक्रार फिरली तर परवानगीकडे बघा, मशीनला चिकटून राहिली तर त्या मशीनकडे. दोन्हीकडे कोणालाच उघडली नाही तर फाईल, तिचं नाव किंवा सर्व्हर. एररचा फोटो कोडसकट मागवा, कारण फोनवर "काहीतरी परमिशनचं येतंय" एवढंच सांगतात.

०x८००७००३५ म्हणजे नेटवर्क पाथच सापडला नाही. इथे फाईलचा काही दोष नाही. नाव आयपीपर्यंत पोचतंय का, आणि पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने सर्व्हरचं फाईल शेअरिंगचं ४४५ पोर्ट उघडं दिसतंय का, ते बघा. दोन्ही ठीक असूनही शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) लागत नसेल तर एसएमबीच्या, म्हणजे मशीन ज्या भाषेत फाईली शेअर करतात तिच्या, आवृत्तीचा संशय घ्या. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबी १च्या भोकातून धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ एकतर येत नाही, नाहीतर काही दिवस वापरलं नाही की आपोआप निघून जातं. पण जुना नॅस आणि झेरॉक्स मशीनचा स्कॅनर तेवढीच भाषा बोलतात. मग मालक म्हणतात, "अरे, ते जुनं चालू करून दे ना, पाच मिनिटांचं काम." खरंच पाच मिनिटांचंच आहे, पण करू नका. नॅसचं फर्मवेअर अपडेट होतंय का ते पाहा, नसेल तर नवीन नॅसचं कोटेशन द्या.

'कालपर्यंत चालत होतं' या तक्रारीमागे हल्ली बऱ्याचदा विंडोज ११चं २४एच२ अपडेट असतं. त्यात प्रो आवृत्तीत एसएमबी साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झालं आणि बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश बंद झाला. उपाय साधा आहे: सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड. सांबात मात्र लिनक्सचा पासवर्ड ठेवून भागत नाही, एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने वेगळा द्यावा लागतो. नवखे हमखास इथे अडकतात.

१२१९ हा कोड दिसला तर त्या मशीनवर त्याच सर्व्हरचं दुसऱ्या नावाने लॉगिन आधीच चालू आहे. 'नेट यूज' कमांडने जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्ड काढा. नावाऐवजी आयपी टाकून तात्पुरती वाट निघते, पण मग विंडोज त्या जागेला इंटरनेट समजतं आणि एक्सेल प्रत्येक फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे नुसती वाचण्यापुरती, उघडतं. म्हणजे पुन्हा तुम्हालाच फोन.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. विंडोज सर्व्हरवर शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाईल-फोल्डरची, परवानगी यांतली जी कडक, ती चालते. सांबातही शेअरवर लिहायची मुभा दिली तरी फोल्डरची लिनक्स परवानगी आड येतेच. डिझाईनरने बनवलेली फाईल अकाउंट्सला दिसते पण सेव्ह होत नाही, हा त्याचाच प्रकार. त्यावर सांबाच्या सेटिंगमधले फोर्स ग्रुप (नव्या फाईलचा गट ठरवणारं) आणि क्रिएट मास्क (तिच्या परवानग्या ठरवणारं) हे उपाय आहेत. सगळ्यावर ७७७, म्हणजे कोणालाही काहीही करायची परवानगी, मारून मोकळं होणारे सीनियर भेटतील. त्यांना नम्रपणे विचारा, पगाराचं फोल्डरही त्यातच आहे का?

'फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे' असं येत असेल तर फोल्डरमधल्या लपलेल्या फाईली दाखवा. ~$ ने सुरू होणारी छोटी फाईल ऑफिसने ठेवलेली खूण असते आणि कोणाच्या मशीनवर उघडी आहे याचा सुगावा तिच्यातून लागतो. सांबावर एसएमबीस्टेटस कमांड, विंडोजवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधलं ओपन फाइल्स बघा. जोडणी तोडण्याआधी त्या माणसाला फोन करा, त्याचं काम सेव्ह झालेलं नसेल.

आता नावांकडे येऊ, कारण मराठी ऑफिसातली खरी गंमत इथे आहे. मॅकवाले फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारांकन बिनधास्त टाकतात किंवा शेवटी स्पेस सोडतात. विंडोजला ते चालत नाही, मग तिथे नाव चित्रविचित्र दिसतं किंवा फाईल उघडतच नाही. मॅकने स्वतःच्या नोंदींसाठी ठेवलेली ._ ने सुरू होणारी फाईल कोणी दाबली की "ब्रोशर करप्ट झालं" म्हणून बोंब होते. खरं ब्रोशर शेजारीच असतं. विंडोजची जुनी २६० अक्षरांची पाथ-मर्यादा 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन मंजूर' अशा फोल्डरांमुळे कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

महापेच्या एका ऑफिसात पगाराचं काम बघणाऱ्या मॅडमनी दाखवलं होतं: एकाच फोल्डरमध्ये 'कर्मचाऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाईली. नाव तंतोतंत तेच, आणि एक्सेलची लिंक एकीला धरायची, दुसरी सापडत नाही म्हणायची. "भूत आहे का हो यात?" असं त्यांनी विचारलं. भूत नव्हतं, ऱ होता. युनिकोडमध्ये ऱ एकाच खुणेने लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन खुणांनी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नावं फोडून दुसऱ्या पद्धतीने साठवते. ते फोल्डर झिप होऊन लिनक्सवर उलगडलं की विंडोज आणि लिनक्स दोघांनाही ती वेगळी नावं वाटतात. सर्व्हरवर कॉन्व्हएमव्ही या नावं बदलणाऱ्या प्रोग्रामने नावं एकसारखी करून घेतली. ते आधी नुसती तालीम दाखवतं, ती नीट वाचून मगच खरं चालवायचं. एकाच नावाच्या दोन फाईली असतील तर आधी एकीचं नाव बदलायचं.

लांबीचंही तसंच. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट खाते. 'कर्मचाऱ्यांची' ही डोळ्यांना पाच अक्षरं, पण खुणा १३ आणि बाइट ३९. म्हणजे पूर्ण नावाला ८५ देवनागरी खुणांपलीकडे जागा नाही. विंडोजवर सुखाने नांदणारी 'सभेच्या इतिवृत्ताची मंजूर प्रत' आणि त्यापुढे आणखी लांबलचक शेपूट अशा नावाची फाईल सर्व्हरवर कॉपीच होत नाही, ती यामुळे.

मुलाखतीत विचारतात, "यूजर म्हणतो शेअर उघडत नाही, काय करशील?" उत्तरात कमांड फेकू नका, सुरुवातीच्या त्या दोन चाचण्या सांगा: दुसरं मशीन आणि दुसरं लॉगिन. घरी एखादा जुना लॅपटॉप असेल तर त्यावर उबुंटू आणि सांबा टाका, दुसऱ्या मशीनवरच्या विंडोजमधून जोडा आणि मुद्दाम बिघडवा: पासवर्ड बदला, मास्क चुकवा, दोन तऱ्हेच्या ऱ च्या फाईली बनवा. प्रत्येक वेळी समोर येणारा एरर कोड आणि त्याचं कारण वहीत उतरवून ठेवा. तीच वही साइटवर नेता येते.