प्रकाशाच्या मदतीने अर्धवाहक आणि चुंबकत्व कसं तपासावं: एलईडी, लेझर आणि शाळेतली काचेची चिप

चुंबक प्रकाशाला ओढत नाही. लेझरच्या झोताशेजारी कितीही ताकदवान चुंबक धरा, झोत तसूभरही हलत नाही. पण तोच झोत काचेतून जात असेल आणि चुंबकीय क्षेत्र झोताच्याच दिशेने असेल, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा किंचित वळलेली असते. मायकेल फॅरेडे यांनी १३ सप्टेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे प्रथम पाहिलं. त्यांनी वापरलेली शिसंयुक्त जड काच त्यांच्याच जुन्या कामातली होती. प्रकाश आणि चुंबकत्व यांचं नातं दाखवणारा तो पहिला पुरावा.

हा प्रयोग आज घरच्या टेबलावर होऊ शकतो. त्याआधी प्रकाश मोजायची सवय हवी, म्हणून सुरुवात एलईडीपासून करू.

काय लागेल

पारदर्शक टोपीच्या चार-पाच एलईडी (इन्फ्रारेड, लाल, पिवळी, हिरवी, निळी), ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोध, साधा डिजिटल मल्टिमीटर, ५ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचं लाल लेझर मॉड्यूल, प्रकाश पडला की वीजप्रवाह देणारा एक सिलिकॉन फोटोडायोड (बीपीडब्ल्यू३४ सहज मिळतो), पोलरायझर फिल्मचे, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचे, दोन तुकडे आणि मधे भोक असलेली दोन निओडायमियम चुंबकं. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठलात तर इलेक्ट्रॉनिक्सचं बहुतेक सामान एका फेरीत होतं. चुंबकं मात्र ऑनलाइन मागवावी लागतील.

एलईडीची टोपी पारदर्शकच घ्या. लाल रंगाची टोपी हिरवा आणि निळा प्रकाश आतल्या चिपपर्यंत, म्हणजे अर्धवाहकाच्या बारीक तुकड्यापर्यंत, पोहोचूच देत नाही, आणि मग पुढचा अर्धा प्रयोग फसतो.

पहिला भाग: रंगावरून अर्धवाहक ओळखणं

बॅटरी, रोध आणि एक एलईडी एकसर जोडणीत जोडा. एलईडीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा, वहीत लिहा, मग पुढची एलईडी लावा. रोध तोच ठेवला की प्रत्येक एलईडीतून जवळपास सारखाच, एक मिलिअँपिअरपेक्षा थोडा कमी प्रवाह जातो, त्यामुळे आकड्यांची तुलना करता येते. इन्फ्रारेडला सगळ्यांत कमी व्होल्टेज येईल, लालला पावणेदोनच्या आसपास, निळीला अडीचच्या वर.

आता १२४० ला त्या रंगाच्या तरंगलांबीने (नॅनोमीटरमध्ये) भागा. ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडला १.३२ येतात, ६३० च्या लालला १.९७, ४६५ च्या निळ्याला २.६७. ही त्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा आहे, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. तुमचे व्होल्टेज याच क्रमाने चढत जातील, पण आकडे थोडे कमी भरतील, कारण इतक्या लहान प्रवाहाला खोलीतली उष्णताही हातभार लावते. अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात उतरतो तेव्हा मधल्या दरीएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. दरी रुंद असेल तर रंग निळ्याकडे झुकतो. डोळ्यांना दिसणारी लाल एलईडी १९६२ मध्ये आली. चांगल्या निळ्यासाठी मात्र गॅलियम नायट्राइडचे शुद्ध स्फटिक वाढवायला शिकावं लागलं, आणि त्या कामाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता उलटं करा. माझ्या मते या भागातली खरी गंमत इथेच आहे. बॅटरी काढा, लाल एलईडीची दोन टोकं थेट मल्टिमीटरला जोडा, मीटर मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवा. खोलीत अंधार करा. मग दुसऱ्या जोडणीवर पेटवलेली हिरवी एलईडी तिच्या टोपीला टोपी लावून धरा. मीटर उठेल. एलईडी आता दिवा राहिलेली नाही, ती प्रकाश ओळखतेय.

मग जोडी बदला. हिरवी एलईडी मीटरला, लाल एलईडी पेटलेली. आकडा जवळजवळ शून्यावरच राहील. लाल लेझरचा भगभगीत झोत टाकून पाहा, तरीही फारसा फरक नाही. प्रकाश किती आहे याने काही होत नाही. एकेका फोटॉनमध्ये दरी ओलांडण्याइतकी ऊर्जा आहे की नाही, एवढंच चालतं. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाश कणांच्या रूपात शोषला जातो असं मांडलं, त्याचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे.

सगळ्या जोड्यांचा तक्ता करा: आडव्या ओळीत प्रकाश देणाऱ्या, उभ्या ओळीत ओळखणाऱ्या. निम्म्या चौकटी रिकाम्या निघतील आणि त्या एकाच बाजूला साठलेल्या दिसतील. लाल एलईडी निळ्याला हिरव्यापेक्षा कमी प्रतिसाद देऊ शकते. निळा प्रकाश चिपच्या वरच्या थरातच अडकतो म्हणून तसं होतं, त्याने गोंधळू नका. पांढरी एलईडी इथे वापरू नका, तिच्या पोटात निळीच असते.

दुसरा भाग: चुंबकाने प्रकाश वळवणं

आधी सुरक्षितता. लेझर डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका, आणि झोताच्या शेवटी काळा कागद लावा. निओडायमियम चुंबकांवर निकेलचा आरशासारखा मुलामा असतो, त्याला काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर झोत कुठेही उडतो. ही चुंबकं एकमेकांवर आदळली की बोट चिरडतं आणि ती स्वतःही फुटतात. लहान मुलं आणि पेसमेकर असलेली माणसं यांच्यापासून ती दूर ठेवा.

पोलरायझर फिल्म नसेल तर बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची सोलून घ्या. सिनेमागृहातला थ्रीडी चष्मा असेल तर खोक्यात ठेवा, तो शेवटी लागेल.

मांडणी सरळ रेषेत करायची: लेझर, पहिला पोलरायझर, काच, दुसरा पोलरायझर, फोटोडायोड. काच म्हणून शाळेत अपवर्तनाच्या प्रयोगाला वापरतात ती आयताकृती चिप उत्तम. तिच्या सगळ्या बाजू पारदर्शक आहेत का ते बघा आणि झोत तिच्या जाडीतून, म्हणजे साधारण १८ मिलिमीटरमधून जाऊ द्या.

चुंबकांबद्दल नीट सांगायला हवं, कारण बहुतेक प्रयत्न इथेच बुडतात. मी पहिल्यांदा पाण्याने भरलेली लांब नळी एका कडीच्या चुंबकात खुपसली आणि मीटर जागचा हलला नाही. चुंबक कमकुवत असेल म्हणून दुसरं आणलं, तरी तेच. चूक भूमितीची होती. कडीच्या भोकात क्षेत्र एका दिशेने असतं आणि बाहेर आलं की थोड्याच अंतरावर ते उलटं होतं. लांब नळीतून जाणारा प्रकाश आधी एकीकडे वळतो, मग तितकाच परत दुसरीकडे, आणि बेरीज शून्य होते. (तारेच्या वेटोळ्यातून नळी घातली तर असं होत नाही, कारण तिथे प्रवाह प्रकाशाच्या वाटेला वेढा घालतो.) म्हणून दोन कड्या समोरासमोर ठेवायच्या, एकीचा उत्तर ध्रुव दुसरीच्या दक्षिण ध्रुवाकडे, आणि काच फक्त मधल्या फटीत. फटीत क्षेत्र एकाच दिशेने राहतं. उलटं क्षेत्र भोकातल्या हवेवर पडतं, आणि हवा जवळजवळ काहीच वळवत नाही.

साधारण ३० मिलिमीटर व्यासाच्या, ८ ते १० मिलिमीटर भोकाच्या कड्या घ्या. लाकडाच्या दोन उभ्या पट्ट्यांवर त्या पक्क्या चिकटवा आणि पट्ट्या एका पायावर २० ते २२ मिलिमीटर फट ठेवून स्क्रूने आवळा. हा सांगाडा काचेला स्पर्श न करता उचलता आणि उलटा फिरवून ठेवता आला पाहिजे.

मग असं करा:

१. लेझर दहा मिनिटं चालू राहू द्या. स्वस्त मॉड्यूल तापेपर्यंत आकडा वाहत राहतो.

२. फोटोडायोड मल्टिमीटरच्या २००० मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर जोडा. खोली अंधारी हवी.

३. पहिला पोलरायझर फिरवून आकडा सर्वांत मोठा करा. मग दुसरा फिरवून आकडा सर्वांत लहान करा, म्हणजे दोघं काटकोनात आले. आता दुसरा ४५ अंश मागे घ्या.

४. चुंबकांचा सांगाडा ठेवा, आकडा लिहा. सांगाडा उलटा फिरवून ठेवा, आकडा लिहा. असं आलटून पालटून दहा वेळा.

४५ अंशच का, तर त्या जागी प्रकाश कोनाबरोबर सर्वांत वेगाने बदलतो: १ अंश वळला की सुमारे साडेतीन टक्के. काटकोनात किंवा समांतर ठेवलं तर एवढासा कोन दिसतच नाही. आपल्या काचेत वळण अर्ध्या-पाऊण अंशाचं असतं. सांगाडा उलटवला की ते दुप्पट मोजलं जातं, म्हणजे आकड्यात चारेक टक्क्यांचा फरक यायला हवा. ४०० मायक्रोअँपिअरवर तो १६ च्या आसपास, साध्या मीटरला सहज पेलण्यासारखा.

फरक आला म्हणून लगेच खूश होऊ नका. कदाचित चुंबकाच्या कडेने झोत थोडा अडला असेल. म्हणून दुसरा पोलरायझर काटकोनाच्या पलीकडच्या बाजूला ४५ अंशांवर ठेवून सगळं पुन्हा करा. खरंच वळण असेल तर आधी जिथे आकडा वाढत होता तिथे आता कमी होईल. झोत अडत असेल तर तो दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकेल. आणि काच काढून, फक्त हवेत, एकदा मोजा. तिथे फरक उरता कामा नये. या दोन तपासण्यांशिवाय आलेला आकडा मी मोजलेला धरत नाही.

सवड असेल तर काचेपलीकडे आरसा ठेवून झोत त्याच वाटेने, थोडासा तिरका, परत आणा. साखरेचं पाणीही ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा, प्रकाश वळवतं, पण आरशातून परत आल्यावर ते वळण पुसलं जातं. चुंबकाचं वळण पुसलं न जाता दुप्पट होतं, कारण ते प्रकाश कुठल्या दिशेने चाललाय यावर ठरत नाही, क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. याच गुणावर लेझरसमोर बसवायची प्रकाशाची एकेरी झडप चालते: जाताना ४५ अंश, परतताना आणखी ४५, आणि काटकोनात आलेला प्रकाश पोलरायझरवर अडतो. त्यासाठी टर्बियम गॅलियम गार्नेटचा स्फटिक वापरतात, जो पाण्याच्या कित्येक पट जास्त वळवतो.

अपारदर्शक चुंबक आणि प्रकाशाने लिहिणं

लोखंडातून प्रकाश जात नाही, पण त्यावरून परावर्तित होतो. १८७७ मध्ये ग्लासगोच्या जॉन केर यांनी दाखवलं की चुंबकाच्या घासून चकचकीत केलेल्या ध्रुवावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवणही बदलतं. हा बदल फार लहान असतो, घरी पकडणं कठीण. प्रयोगशाळांमध्ये मात्र चुंबकीय थर तपासायची ही रोजची पद्धत आहे.

१९९२ मध्ये आलेल्या, गाणी साठवायच्या मिनीडिस्क या चकतीमध्ये लिहिणं आणि वाचणं या दोन्ही कामांना लेझर लागत असे. लिहिताना तो चकतीचा बारीकसा ठिपका इतका तापवायचा की तिथलं चुंबकत्व मोडायचं आणि शेजारच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने नव्याने बसायचं. वाचताना मंद लेझर आणि केर यांचा परिणाम. म्हणजे तुम्ही मोजलेल्या वळणाचंच भावंड त्या पेटीत गाणी वाचत होतं.

१९९६ मध्ये स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी निकेलच्या पातळ थरावर फेम्टोसेकंदांचा लेझर स्पंद टाकला आणि त्याचं चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्या आत घसरलेलं पाहिलं. (एका सेकंदात एक लाख कोटी पिकोसेकंद असतात, आणि एका पिकोसेकंदात हजार फेम्टोसेकंद.) मग २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचं चुंबकत्व फक्त प्रकाशाने, बाहेरचं क्षेत्र न लावता, उलटवलं गेलं. दिशा कोणती हे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या कंपनांची दिशा पुढे जाताना गोल फिरत राहते तो, डावीकडे फिरणारा आहे की उजवीकडे, यावर ठरत होतं.

तो डावा-उजवा प्रकाश पाहायचा असेल तर खोक्यातला थ्रीडी चष्मा काढा. वर्तुळाकार ध्रुवणाच्या चष्म्याची एक काच डावा प्रकाश जाऊ देते, दुसरी उजवा. तो घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काच आरशात काळी दिसेल, मिटलेल्या डोळ्याची स्वच्छ. आरशाने फिरकी उलटवलीय, आणि तुमच्याच काचेने ती परत आत घेतली नाही.