पिक्चर बघा, मग शुभवर्तमान उघडा

माहीमला रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) मी मोठ्या पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. पिक्चर लावायचा तर पहिली अट: आधी तो पिक्चर म्हणून बघायचा. क्रूस दिसला रे दिसला की बोट दाखवणाऱ्याला मागच्या बाकावर बसवा.

सुरुवातीला २००५ चा 'नार्निया' घ्या. सगळा दाखवत बसू नका. अस्लान नावाचा सिंह दगडी मेजाकडे, म्हणजे स्वतःच्या बळीच्या जागी निघतो तिथून लावा. त्याची आयाळ कापतात, तोंड बांधतात, वर खिदळतात. इथे पॉज करा आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या: येशूला घातलेलं जांभळं वस्त्र, काट्यांचा मुकुट, तीच टिंगल. मग विचारा, शिक्षा खरी कोणाची होती? एडमंडची, म्हणजे भावंडांशी गद्दारी केलेल्या मुलाची. पहाटे सिंह जिवंत दिसतो तो एडमंडच्या दोघी बहिणींना. येशूच्या कबरीकडे पहिल्यांदा कोण गेलं, ते १६ व्या अध्यायात पोरं स्वतःच शोधतात. तुम्ही सांगायची घाई करू नका.

हिंदीत 'अमर अकबर अँथनी' (१९७७) हवाच. अँथनी येशूला पार्टनर मानतो, कमाईत निम्मा वाटा देतो. ही प्रार्थना की धंदा? आमच्याकडे यावर हमखास भांडणं होतात. होऊ द्या. गळ्यात क्रूस आणि हातात ग्लास एवढ्यावर ख्रिश्चन उभा करणारे पिक्चर मात्र सोडून द्या.

दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा 'सायलेन्स' (२०१६) फक्त मोठ्यांसाठी. जपानमध्ये ख्रिश्चनांना धर्म सोडायला लावतात, त्याची ही गोष्ट. पावणेतीन तासांच्या आसपास जातात, तेव्हा चारलाच सुरू करा. ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायचा की नाही, यावर लगेच चर्चा नको. आधी चहा फिरवा.