वर्डमधली तारीख आपोआप बदलू नये म्हणून काय करायचं

मार्चमध्ये पाठवलेलं पत्र जूनमध्ये उघडलं, तर वरच्या कोपऱ्यात आजची तारीख. मजकूर जसाच्या तसा, फक्त तारीख बदललेली. फाइल बिघडलेली नसते आणि कुणी हातही लावलेला नसतो. तिथे मुळात तारीख टाइप केलेलीच नसते, एक ‘फील्ड’ बसवलेलं असतं. ते फाइल उघडताना किंवा छापताना कॉम्प्युटरचं घड्याळ बघतं आणि त्या दिवशीची तारीख दाखवतं. फाइल ‘रीड-ओन्ली’ केली तरी उपयोग होत नाही, कारण पडद्यावर दिसणारी तारीख तरीही ताजी होतेच.

तारखेवर एकदा क्लिक करून पाहा. सगळी तारीख मिळून एका करड्या पट्टीत दिसली तर ते फील्ड आहे. पट्टी न येता कर्सर नुसता अक्षरांमध्ये जाऊन बसला तर तो साधा मजकूर आहे आणि तो बदलणार नाही. ही पट्टी कायम दिसत राहावी असं वाटत असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा, ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’ या भागात ‘फील्ड शेडिंग’ शोधा आणि तिथे ‘ऑलवेज’ निवडा. ही पट्टी कागदावर छापली जात नाही. दुसऱ्यांच्या फाइली ज्यांच्याकडे रोज येतात, त्यांनी हे एकदा करून ठेवावंच. आणखी एक खूण म्हणजे काहीही न बदलता फाइल बंद करताना कधी कधी वर्ड ‘बदल साठवायचे का’ असं विचारतं. अशा वेळी बहुधा आत एखादं फील्ड ताजं झालेलं असतं.

पुन्हा हे होऊ नये म्हणून

इन्सर्ट टॅबमधल्या ‘डेट अँड टाइम’वर क्लिक केलं की तारखेच्या नमुन्यांची यादी उघडते. तिच्याखाली ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ असा चौकोन असतो. त्यात खूण असेल तर फील्ड बसतं, खूण काढलेली असेल तर साधा मजकूर बसतो. ओके दाबण्याआधी त्या चौकोनाकडे नजर टाकायची सवय लावून घ्या.

या खिडकीत न जाताही फील्ड घुसतं, ते ऑल्ट + शिफ्ट + डी या शॉर्टकटने. हा शॉर्टकट नेहमी बदलती तारीखच बसवतो आणि काही विचारतही नाही. ऑल्ट + शिफ्ट + टी वेळेच्या बाबतीत तेच करतो. पत्रं, करार, इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी हे दोन्ही विसरलेले बरे.

तारीख बसून गेली असेल तर

आधी एक सावधगिरी. खालच्या कोणत्याही उपायाने या क्षणी पडद्यावर जी तारीख दिसते आहे तीच कायम होते. म्हणजे जुनं पत्र आज उघडून तारीख पक्की केली, तर चुकीची तारीख पक्की होते. म्हणून मूळ तारीख हाताशी नसेल तर आधी ती शोधा (त्याबद्दल पुढे आहे), मग फील्ड पुसून ती हाताने टाइप करा.

आजचीच तारीख हवी असेल तर तारखेवर क्लिक करून कंट्रोल + शिफ्ट + एफ९ दाबा. फील्ड सुटतं आणि मागे साधा मजकूर उरतो. बऱ्याच लॅपटॉपवर एफ९चं बटण आवाज किंवा प्रकाश कमीजास्त करतं. तिथे एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. शॉर्टकट चालतच नसेल तर तारीख निवडून कट करा आणि ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ वापरून त्याच जागी पेस्ट करा. परिणाम तोच.

फील्ड ठेवायचं आहे, पण सध्या हलायला नको, असंही असतं. मग कंट्रोल + एफ११ दाबून ते कुलूपबंद करा. कंट्रोल + शिफ्ट + एफ११ दाबलं की कुलूप निघतं. पण कुलूप लावलेलं फील्ड दिसायला इतरांसारखंच असतं आणि ते उघडायला पासवर्ड लागत नाही. बाहेर पाठवायच्या कागदासाठी हा उपाय पुरेसा नाही.

आता सर्वांत जास्त घोळ जिथे होतो ते. कंट्रोल + ए करून सगळा मजकूर निवडायचा आणि कंट्रोल + शिफ्ट + एफ९ मारायचा, हा मोह आवरा. अनुक्रमणिका, ‘पाहा: तक्ता ४’ सारखे संदर्भ, लिंक, हे सगळंही फील्डच असतं. तारखेबरोबर ते सगळं गोठतं. फुटरमध्ये (पानाच्या तळाच्या पट्टीत) असं केलं तर पान क्रमांकाचं फील्डही सुटतं आणि प्रत्येक पानावर एकच आकडा छापला जातो. चूक लगेच लक्षात आली तर कंट्रोल + झेडने मागे फिरता येतं. फाइल साठवून बंद केल्यावर मात्र सगळी फील्डं नव्याने घालत बसावं लागतं.

याच्या उलटही घडतं. कंट्रोल + ए मुख्य मजकूर निवडतं, पण हेडर (पानाच्या माथ्याची पट्टी), फुटर आणि मजकुराबाहेर ठेवलेल्या चौकटी त्यात येत नाहीत. लेटरहेडची तारीख बहुतेक वेळा तिथेच असते. हेडरवर डबल-क्लिक करून आत जा आणि फक्त तारखेवर उपाय करा. पहिल्या पानाचं हेडर वेगळं ठेवलेलं असेल, किंवा सम-विषम पानांची हेडर वेगळी असतील, तर प्रत्येक हेडर स्वतंत्रपणे तपासा. एक नीट केलं म्हणून दुसरं नीट होत नाही.

आपोआप भरली जाणारी, पण न हलणारी तारीख

खरी गरज बहुतेकदा हीच असते. टेम्प्लेटमधून (पत्राच्या तयार साच्यातून) नवं पत्र काढलं की त्या दिवशीची तारीख आपोआप यावी आणि मग तिथेच राहावी. त्यासाठी ‘डेट’ नव्हे, ‘क्रिएटडेट’ हे फील्ड लागतं. टेम्प्लेट फाइल उघडा, जुनी तारीख पुसा, इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड असं जा, ‘डेट अँड टाइम’ हा वर्ग निवडा, त्यातलं क्रिएटडेट घ्या आणि नमुना ठरवून ओके करा. फाइल टेम्प्लेट म्हणूनच साठवा. यापुढे तिच्यातून निघणारं प्रत्येक पत्र स्वतःच्या जन्माची तारीख घेऊन येईल.

यात एक खाच आहे. जुनं पत्र उघडून ‘सेव्ह ॲज’ने नव्या नावाने साठवलं, तर वर्ड त्याला नवं दस्तऐवज समजतं आणि निर्मितीची तारीखही नवी होते. क्रिएटडेटवर ती लगेच दिसत नाही, फील्ड ताजं झालं की दिसते. जुन्या पत्रावरून नवं पत्र करणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण जुन्या पत्राची नुसती प्रत दुसऱ्या नावाने जपून ठेवणाऱ्याला यातून चुकीची तारीख मिळते. अशी प्रत काढायची तर फाइल फोल्डरमध्येच कॉपी-पेस्ट करा. आतली नोंद तशीच राहते.

त्याच यादीत ‘सेव्हडेट’ आणि ‘प्रिंटडेट’ही असतात. सेव्हडेट कच्च्या मसुद्याच्या फुटरमध्ये चांगलं काम देतं, कुठली प्रत शेवटची ते कळतं. प्रिंटडेटपासून जपून राहा. एकदाही न छापलेल्या फाइलमध्ये ते नुसती शून्यं दाखवतं, आणि छापताना बहुधा याआधीच्या छपाईची तारीख कागदावर येते.

एकाच फाइलमध्ये ‘डेट’ फील्ड बऱ्याच ठिकाणी असेल तर ऑल्ट + एफ९ दाबा. तारखांच्या जागी महिरपी कंसातले कोड दिसू लागतात. आता रिप्लेसच्या खिडकीत ‘होल वर्ड्स ओन्ली’वर खूण करून डेटच्या जागी क्रिएटडेट घाला. दोन्ही शब्द अर्थात इंग्रजी अक्षरांत. साध्या मजकुरात तोच इंग्रजी शब्द असेल तर तोही बदलेल, म्हणून एकेक पाहत पुढे जा. पुन्हा ऑल्ट + एफ९ दाबून कोड लपवा आणि तारखा निवडून एफ९ने ताज्या करा.

मूळ तारीख शोधायची तर

फाइल, इन्फो असं गेल्यावर उजवीकडे ‘क्रिएटेड’, ‘लास्ट मॉडिफाइड’ या नोंदी दिसतात. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. नाही मिळालं तर आणखी एक वाट आहे. वर्डची .docx प्रकारची फाइल ही खरं तर एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडं असते. तिची प्रत काढा आणि प्रतीच्या नावाचा शेवट बदलून झिप करा. उघडल्यावर आत वर्ड नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडून तारखेच्या आसपासचे शब्द शोधा. फाइल शेवटची साठवली तेव्हा फील्डमध्ये कोणती तारीख होती, ती तिथे सापडते. हेडरमधली तारीख त्याच फोल्डरमधल्या हेडरच्या फाइलींमध्ये असते. पण मधल्या काळात कुणी फाइल उघडून सेव्ह केली असेल तर तिथेही तीच नंतरची तारीख मिळेल.

इतर ठिकाणी

लिब्रेऑफिस रायटरमध्ये कंट्रोल + एफ२ने फील्डची खिडकी उघडते. तिथे तारखेसाठी ‘फिक्स्ड’ निवडा. आधीच बसलेल्या बदलत्या तारखेवर डबल-क्लिक करूनही ते बदलता येतं, पण इथेही पक्की होते ती आजचीच तारीख. गूगल डॉक्समध्ये ॲट चिन्हापुढे ‘टुडे’ लिहून येणारी तारीख आपोआप बदलत नाही. एक्सेलमध्ये मात्र ‘टुडे’ हे सूत्र रोज बदलतं. तिथे कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण दाबलं की आजची तारीख कायमची बसते.

वर्डची फाइल बाहेर कुणाला पाठवायची असेल तर सोबत पीडीएफही काढा, पण तारीख नीट केल्यानंतर. पीडीएफ करताना जे दिसत होतं तेच त्यात राहतं, चुकीची तारीखसुद्धा.