जुन्या घरातली नक्षीची काच ओळखताना या चुका टाळा

जुन्या खिडकीतलं नक्षीचं तावदान फुटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: या काचेचं नाव काय? माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी शोधावं. आधी काच मोजावी, बोटांनी चाचपावी, तिरप्या उजेडात निरखावी. नावामागे आधी धावलं की काय होतं, ते मी स्वतः अनुभवलं आहे.

माझ्याकडच्या एका खिडकीची काच ‘फ्लेमिश’, म्हणजे खळग्यांच्या नक्षीची, आहे हे मला फोटो ताडून कळलं आणि मी त्याच नावाची काच मागवली. नवी काच जुनीच्या शेजारी धरली, तर तिच्यावरचे खळगे जेमतेम निम्म्या आकाराचे! दुकानदाराचं काहीच चुकलं नव्हतं. फ्लेमिश बारीक आणि मोठ्या अशा दोन्ही खळग्यांची मिळते आणि मी माप सांगितलंच नव्हतं. शिवाय एकच नक्षी वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या नावांनी विकली आहे. त्यामुळे नुसतं नाव जुळलं म्हणून काच जुळेल असं नाही.

मग मोजायचं काय? अशी काच नक्षी कोरलेल्या रोलरखालून जाते, म्हणजे नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येणारच. एखादी ठळक खूण धरा आणि तीच खूण पुन्हा कुठे दिसते ते उभं आणि आडवं, दोन्हीकडे मिलिमीटरमध्ये मोजा. बारीक पन्हळीची काच असेल तर दहा पन्हळी एकदम मोजून दहाने भागा. एकच मोजली तर चूक हमखास होते. लहानपणी आपण कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिलीने छाप उठवायचो, तसाच छाप नक्षीच्या बाजूवर पातळ कागद ठेवून घ्या. काच जुळवताना असा खऱ्या मापाचा छाप दहा फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फोटो काढायचाच असेल तर फ्लॅश बंद करा, मागे गडद कापड लावा, उजेड बाजूने येऊ द्या आणि काचेला पट्टी टेकवून ठेवा.

घराचं वय काचेला चिकटवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. घर शंभर वर्षांचं असलं तरी तावदानं मधल्या काळात कितीदा तरी बदललेली असतात. एकाच खिडकीतली सगळी तावदानं शेजारी शेजारी तपासा. एखाद्याच तावदानाची पुट्टी नरम आणि पांढरी असेल, खिळे चकचकीत असतील, तर ते नंतरचं समजा.

काही तारखा मात्र पक्क्या आहेत. इंग्लंडचे काच कारखानदार जेम्स हार्टली यांनी लोखंडी टेबलावर वितळलेली काच ओतून रोलरने लाटण्याचं पेटंट 1847 मध्ये घेतलं. चान्स ब्रदर्स या इंग्लिश काच कंपनीने 1890 च्या सुमारास रोलरच्या जोड्यांमधून खोल, रेखीव नक्षी उठवणारं यंत्र आणलं. आत तारेची जाळी असलेल्या काचेचं अमेरिकन संशोधक फ्रँक शुमन यांचं पेटंट 1892 चं. या तारखांवरून काच कधीच्या आधीची नाही एवढंच कळतं. ती नेमकी कधीची, ते त्यातून ठरत नाही, कारण जुने नमुने आजही लाटले जातात.

‘काच खाली जाड आहे, म्हणजे ती शतकभर ओघळली’ हे तर सोडूनच द्या. काच तशी वाहत नाही. ती जाडी तयार होतानाच आलेली असते.

एकाच बाजूवर हात फिरवणं

दोन्ही बाजू चाचपा. लाटलेल्या काचेची नक्षी मऊ, गोलसर कडांची लागते, कारण ती काच तापलेली असताना उठलेली असते. मागची बाजू गुळगुळीत, पण तिरप्या उजेडात किंचित लहरणारी. आम्लाने खाल्लेली काच रेशमासारखी लागते, वाळू मारलेली खरखरीत, आणि तिच्यावर बोटांचे तेलकट ठसे लगेच उमटतात. नेच्याच्या पानांसारखी नक्षी आणि धारदार कडा लागल्या तर ती सरसाची काच: वाळताना आक्रसणाऱ्या सरसाने काचेचे पापुद्रे ओढून काढलेले असतात. आणि कोपऱ्यात नख घालून बघायला विसरू नका, कधी कधी ती नुसती चिकटवलेली फिल्म निघते.

अतिनील दिव्याचा उलटा अर्थ

पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने 1959 मध्ये जाहीर केलेली फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते आणि कथलाकडची बाजू आखूड लहरींच्या अतिनील उजेडात दुधट चमकते. आम्लाची किंवा वाळूची ‘जुनी’ काच अशी चमकली, तर तिचं जुनेपण संपलं. पण लाटलेली काच कथलावर जातच नाही, मग ती कालची असली तरी चमकणार नाही. न चमकणं हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. नोटा तपासायच्या साध्या दिव्याने ही चमक नीट दिसत नाही, आणि आखूड लहरींच्या दिव्यापासून डोळे नि कातडी जपा.

तावदान काढताना

जुन्या रंगात शिसं असू शकतं. सुका रंग घासून धूळ उडवू नका. काच कापायची तर गुळगुळीत बाजूवरच रेघ मारा. आणि त्याआधी कोपऱ्यात टफन्डचा, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेचा, शिक्का आहे का ते पाहा, कारण टफन्ड काच कापायला गेलं की तिचा भुगा होतो.

फुटलेल्या काचेचा तळहाताएवढा तुकडा मात्र टाकू नका. कडांना चिकटपट्टी लावा आणि त्यावर लिहा: कुठली खिडकी, नक्षी आत होती की बाहेर, पन्हळी उभ्या होत्या की आडव्या. नवी काच बसवताना हे तिन्ही लागतंच.