नव्या गाडीचा कधी येणारा, कधी गुल होणारा आवाज आणि वर्कशॉपचं ‘नॉर्मल आहे’

आमची चौदा फुटी मालवाहू गाडी भाऊजी चालवतात. कागद, हप्ते, डिझेलचा हिशोब आणि वर्कशॉपशी वाद घालणं माझ्याकडे. ओतूर-आळेफाटा भागातला माल भरायचा, माळशेज उतरून वाशीच्या बाजारात नाहीतर नारायणगाववरून पुण्याच्या गुलटेकडी बाजारात न्यायचा, हा आमचा धंदा. गाडी नवी कोरी, वॉरंटीतली, आणि खालून आवाज. तोही असा की माल भरून घाटात निघालं की यायचा आणि वर्कशॉपच्या गेटात शिरलं की गुल. ‘नवी गाडी आहे मॅडम, सेट होईल,’ हे ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी लिहितेय. कंपनीचं आणि डीलरचं नाव घेत नाही. बाजारात भेटणारे बाकीचे गाडीवाले आपापल्या कंपनीबद्दल हेच सांगतात.

आधी वर्कशॉपचा व्यवहार समजून घ्या. वॉरंटीतल्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात. पण तक्रार काय, बिघाड कुठे, पार्ट कोणता खराब, हे डीलरने दाखवलं तरच. काढलेला पार्टही बऱ्याचदा कंपनीकडे परत पाठवावा लागतो. आवाजच आला नाही तर दाखवणार काय? फिटरने अर्धा दिवस शोधाशोध केली तर ती मजुरी डीलरच्या अंगावर. म्हणून टाळाटाळ. त्याच्याशी भांडून काही निघत नाही. ज्या परिस्थितीत आवाज येतो ती त्याच्यासमोर उभी करायची. आणि ती शोधून काढणं गाडीवाल्याचंच काम, कारण रोज गाडीत बसतो तो.

वही

केबिनमध्ये नाही, घरी एक वही ठेवा. चालत्या गाडीत कोणी काही लिहायचं नाही. भाऊजी पुढच्या चहाच्या थांब्यावर उतरले की मला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचे आणि मी उतरवून घ्यायचे. गाडी भरलेली की रिकामी, चढ की उतार, गिअर कितवा, वेग किती, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता की काढलेला, क्लच दाबला होता का, वळण डावं की उजवं, इंजिन गरम झालेलं की सकाळचं थंड, पाऊस होता का, एसी चालू होता का. एवढं दर वेळी विचारायचं. सुरुवातीला भाऊजी वैतागले, ‘वहिनी, आवाज येतो म्हणजे येतो.’ मग त्यांनाच गंमत वाटायला लागली.

आमच्या वहीतली एक नोंद अशी: ‘माळशेज उतार. कांदा भरलेला. तिसरा गिअर. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सीटच्या मागे, खालून घुंऽऽ आणि मग एकच टक्. पाय परत दिला की बंद. रिकामी वर येताना नाही.’ अशा नोंदी एकाखाली एक वाचल्या की आपोआप काहीतरी दिसायला लागतं. आमच्याकडे प्रत्येक नोंदीत दोन गोष्टी सारख्या होत्या, माल भरलेला आणि पाय काढलेला.

रेकॉर्डिंग करा, पण नीट. काचा बंद, पंखा बंद, गाणी बंद. फोन डॅशबोर्डवर ठेवलात तर डॅशबोर्डचीच खडखड ऐकू येते. शेजारी बसलेल्याने हातात धरावा आणि तोंडाने बोलत जावं, ‘तिसरा गिअर, वेग तीस, आता पाय काढला.’ नुसत्या घरघरीची क्लिप घेऊन गेलात तर सुपरवायझर ती कानाला लावतो, मान हलवतो आणि फोन परत देतो.

आवाज कुठल्या अंगाचा

मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगात गिअर बदलून पाहा. वेग तोच ठेवून खालच्या गिअरमध्ये आवाजाची पट्टी चढली तर तो इंजिन-क्लचच्या बाजूचा. गिअर बदलूनही आवाज तसाच आणि फक्त वेगाबरोबर वाढतो-कमी होतो, तर चाकं, हबचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा), हौसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचा डबा), म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सवर. लांबच्या डाव्या वळणावर घरघर वाढत असेल तर वजन उजव्या चाकांवर गेलेलं असतं, तिकडचं बेअरिंग बघायला सांगावं. पाय दिला की एक सूर आणि काढला की दुसरा, हे बहुतेक वेळा क्राऊन-पिनियनचं (हौसिंगमधल्या दात्यांच्या जोडीचं) किंवा शाफ्टचं लक्षण. स्पीडब्रेकरवर करकर म्हणजे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि त्यांचे सांधे, शॅकल, बुश.

हे सगळं तुमच्या माहितीसाठी. काउंटरवर जाऊन ‘सेंटर बेअरिंग बदला’ असं म्हणू नका. तुम्ही पार्टचं नाव घेतलंत की तोच पार्ट हलवून बघतात, ‘ओके’ लिहितात आणि जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि कामाची नोंद असलेला वर्कशॉपचा कागद, बंद. तुम्ही फक्त आवाज कधी येतो ते सांगायचं. बिघाड कुठे ते त्यांना शोधू द्या, त्याचेच ते पैसे घेतात.

जायच्या आधी स्वतःच्या घरचे आवाज काढून टाका. चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) कंपनीचं असलं तरी हौदा (माल भरायचा मागचा भाग) बॉडीबिल्डरने बांधलेला असतो, आणि वर्कशॉपचं पहिलं बोट तिकडेच जातं. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेच्या) कड्या, साखळ्या, ताडपत्रीचे हूक, जॅक, टामी, स्टेपनीचा कॅरिअर, सगळं आवळून नाहीतर उतरवून जा. आमच्या फाळक्याच्या कड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या होत्या. सुपरवायझर फाळक्याकडे बघायला लागला तेव्हा त्या दाखवल्या. विषय तिथेच मिटला.

आणि काही आवाज खरंच नॉर्मल असतात, हेही मान्य करा. लांब चढावर इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा पूर्ण जोराने फिरायला लागतो आणि विमान आल्यासारखी घरघर होते, थोड्या वेळाने आपोआप थांबते. एअर ब्रेकच्या गाडीत मधूनच हवा सुकवणारा ड्रायर फुस्स करतो. गाडी बंद केल्यावर गरम सायलेन्सर थंड होताना टिकटिकतो. बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत चावी काढल्यावरही धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप थोडा वेळ गुणगुणू शकतो. शंका असेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी, तेवढाच माल भरलेली, चालवून बघू द्या म्हणावं. वर्कशॉपमधली रिकामी गाडी तुलनेला चालत नाही.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. ब्रेकमधून, स्टिअरिंगमधून किंवा चाकातून आवाज येत असेल तर गाडी बाजूला घ्या, चाकाचे नट बघा, कंपनीच्या ब्रेकडाऊन नंबरला फोन लावा.

जॉब कार्ड

सगळा खेळ या कागदावर आहे. अ‍ॅडव्हायझर घाईत ‘आवाज, चेक’ एवढंच टाइप करतो. त्याला थांबवा. आमचा अ‍ॅडव्हायझर बोलायचा भाऊजींशी, बघायचाही भाऊजींकडे; वही मात्र माझ्या हातात. मी वाचत गेले, त्याला टाइप करायला लावलं: ‘लोडवर, घाट उतारात, तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर केबिनच्या मागे खालून घुमण्याचा आवाज व टक्, रिकाम्या गाडीत येत नाही.’ तारीख आणि किलोमीटर बरोबर आहेत का बघा, कॉपी घ्या. त्याच दिवशी तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. वॉरंटी संपायच्या सुमाराला ‘ही तक्रार आधी नव्हती’ असं कोणी म्हटलं तर हाच कागद उपयोगी पडतो.

ते लॅपटॉप लावतील आणि सांगतील, एरर कोड नाही. नसणारच. सैल बोल्टला सेन्सर नसतो. मग कोणीतरी गाडी रिकामी घेऊन हायवेला एक चक्कर मारून येईल आणि लिहील, आवाज आढळला नाही. सही करायच्या आधी त्याच्या खाली आपल्या हाताने लिहा, ‘टेस्ट रिकाम्या गाडीवर घेतली, घाटात घेतली नाही.’ ते कुरकुर करतात, पण लिहू देतात. ही ओळ आली की पुढचं बोलणं वर्क्स मॅनेजरशी होतं.

शनिवारी आणि महिनाअखेरीला जाऊ नका, तेव्हा कोणालाच वेळ नसतो. आधी फोन करून ‘रोड टेस्टला अनुभवी माणूस कधी मिळेल’ एवढंच विचारा.

भरलेल्या गाडीची टेस्ट

भरलेली गाडी वर्कशॉपमध्ये घेत नाहीत, आणि रिकाम्या गाडीत आवाज येत नाही. मग टेस्ट बाहेरच घ्यावी लागते. आमचं वर्कशॉप चाकणच्या बाजूला, आणि गुलटेकडीला जाताना वाटेत खेड घाट लागतो, तो उतरायचाच असतो. म्हणून पुण्याच्या मालाचा दिवस धरला. टोमॅटोचा नाही, टोमॅटो दोन तास उशिरा पोचला की भाव गेला. कांदा थांबतो. शेतकऱ्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. गाडीत पासिंगपेक्षा, म्हणजे मंजूर वजनापेक्षा, एक गोणीही जास्त नव्हती आणि वजनकाट्याची पावती खिशात होती. ओव्हरलोड हे वॉरंटी नाकारायचं सगळ्यात सोपं कारण, ते आपण हातात द्यायचं नाही. सर्व्हिसच्या तारखाही चुकलेल्या नकोत.

फिटर मोटारसायकलवर मागे बसून घाटमाथ्याला आला आणि भाऊजींच्या शेजारी चढला. मोठ्या वर्कशॉपमध्ये चिमट्याने चॅसिसला लावायचे माइक असतात, हेडफोनमधून कुठल्या जागेचा आवाज मोठा ते कळतं. आहेत का हे आधीच विचारून ठेवा. याच्याकडे काही नव्हतं. त्याने एक तळवा गिअर लिव्हरवर ठेवला, दुसरा सीटच्या मागे पत्र्यावर. पहिल्या उतारावर काही नाही. भाऊजी माझ्याकडे न बघता गाडी चालवत होते. पुढच्या वळणानंतर तिसरा टाकून पाय काढला, आणि घुंऽऽ, टक्. फिटर म्हणाला, ‘परत करा.’ परत केलं. परत आला. मग तो गप्प झाला आणि खालपर्यंत काहीच बोलला नाही, पण खाली उतरल्यावर त्यानेच मॅनेजरला फोन लावला.

माल खाली करून आलो तेव्हा गाडी पिटवर घेतली. प्रोपेलर शाफ्टला मधोमध आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट सैल. त्याच्या कडेला गंजासारखी तांबूस भुकटी, आणि आडव्या बीमवर घासून चकचकीत झालेली नखाएवढी चंद्रकोर. फिटरने बॅटरी मारून दाखवली. माल भरला की पाटे दबतात, मागचा हौसिंग चॅसिसच्या जवळ येतो आणि शाफ्टचा कोन बदलतो. त्यात पाय काढला की चाकंच इंजिनाला ओढायला लागतात, शाफ्टवरचा ताण उलटा होतो आणि सैल ब्रॅकेट दुसऱ्या बाजूला जाऊन टेकतो. रिकाम्या गाडीत पाटे उचललेले, म्हणून आवाज नाही. बेअरिंगही बदलून घेतलं, रबर एका बाजूने फाटत आलं होतं.

दाद लागली नाही तर

वर्क्स मॅनेजरच्या वर कंपनीचा त्या भागाचा सर्व्हिस इंजिनिअर असतो. तो डीलरकडे ठरावीक दिवशी येतो. तो दिवस विचारा आणि त्या दिवशी गाडी हजर ठेवायची तयारी लेखी कळवा. बहुतेक प्रकरणं इथे सुटतात, कारण पार्टला मंजुरी द्यायचा अधिकार त्याच्याकडे असतो. ‘गाडीच बदलून द्या’ ही मागणी सुरुवातीलाच करू नका, मग तो फक्त बचावाचं बोलतो.

त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. इथे मालवाहू गाडीवाल्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ‘ग्राहक’ धरला जात नाही. पण केवळ स्वतःच्या रोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. आमची गाडी एकच, भाऊजींच्या नावावर, चालवतातही तेच. म्हणून कर्जाचे कागद, लायसन्स आणि त्यांच्या सहीच्या बिल्ट्या (माल नेल्याच्या पावत्या) मी एकत्र ठेवल्या आहेत. दहा गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १००० रुपये. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतो. काउंटरवर याची धमकी देत बसू नका, तिथला पोरगा काही करू शकत नाही.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना जॉब कार्डवर काय सापडलं, काय बदललं, हे लिहून घ्या. नुसतं ‘आवाज दूर केला’ चालत नाही. काढलेला पार्ट कंपनीला जाणार असेल तर त्याचा फोटो काढा. पहिल्या भरलेल्या फेरीची नोंद त्याच वहीत करा, आवाज आला नाही तरी. आणि आलाच, तर नवीन तक्रार म्हणून देऊ नका. नव्या जॉब कार्डवर जुन्याचा नंबर घालून ‘तीच तक्रार पुन्हा’ असं लिहायला लावा.