चर्चचं जुनं लाकूड-कोरीव चित्र घेताय? या चुका टाळा

पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधीतरी लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर छापलेली अशी पानं हाती लागतात: दगडी मनोरा, भोवती तिरक्या झालेल्या थडग्यांचे दगड, आभाळभर बारीक आडव्या रेघा. मीही असंच एक पान उचललं आणि घरी आणून पहिल्याच आठवड्यात त्याची माती केली.

मनोऱ्याच्या उजवीकडून वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ गेली होती. मला वाटलं, चरा पडलाय. टोक काढलेल्या पेन्सिलीने मी ती भरून काढली. नंतर एका जुन्या छापखान्यातल्या काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हा सांधा आहे. तुम्ही पुरावाच पुसलात की!"

असं लाकूड-कोरीव काम फळीवर नव्हे, खोडाच्या आडव्या छेदावर करतात. त्यासाठी बॉक्सवूडचं घट्ट लाकूड लागतं. ते झाड फार हळू वाढतं, खोड जेमतेम काही इंच जाड. मग मोठ्या चित्रासाठी चार-सहा ठोकळे मागून बोल्टने आवळायचे. १८४२ साली लंडनमध्ये सचित्र साप्ताहिक सुरू झालं, त्यानंतर घाईपोटी हे ठोकळे वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देण्याची पद्धत रुळली. सांधे नीट बसले नाहीत की छापताना तिथे पांढरी रेघ उमटायची. ती जुन्या ठोकळ्याची खूण; दिसली तर खूश व्हा, भरू नका.

दुसरी गफलत याच्या उलट. कुणीतरी सांगतं, "खऱ्या जुन्या चित्राच्या कडेला पत्र्याचा दाब उमटलेला असतो, याला नाही, म्हणजे नकली." तो दाब तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांना असतो. लाकडाचा ठोकळा शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीचा करून मजकुराच्या शेजारीच मशीनवर चढवत. म्हणून अशा पानाच्या मागे बहुधा बातम्या नाहीतर जाहिराती सापडतात. खात्री करायचीच तर दहापट भिंग घ्या. सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली नंतरची छपाई. सलग काळी रेघ आणि तिच्या कडेला शाई किंचित दाट, तर काम ठोकळ्याचं.

चित्राखालची ओळ कापलेली असली की विक्रेता बिनधास्त "आपलं कॅम्पातलं सेंट मेरीज" म्हणून सांगतो. ते चर्च १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते प्रतिष्ठित झालं, हे खरं. पण चित्रात निष्पर्ण झाडं आणि शेजारच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत असेल, तर ते इंग्लंडातल्या खेड्यातलं चर्च असणार. पुण्याचं म्हणून जास्त पैसे मोजू नका.

खरा घात होतो फ्रेमच्या दुकानात. "लॅमिनेट करून देतो, शंभर वर्षं टिकेल" याला ठाम नाही म्हणा. हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवणंही नको; मागचा मजकूर गेला की साल शोधायची वाटच बंद. सेलोटेपचं तर बोलायलाच नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. आम्लविरहित माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राला लावायचा पुठ्ठा, मागा आणि चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्यांवर टांगा. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ, म्हणजे कुरडयांसाठी आपण जो चीक काढतो तोच, पाण्यात शिजवून. बाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. इथे अजिबात घालू नका, तांब्यामुळे कागद झिजतो.

काच चित्राला टेकता कामा नये. जुलै-ऑगस्टमध्ये आतून दमटपणा आला की टेकलेल्या जागी कागद काचेलाच चिकटतो. पेठेतल्या जुन्या वाड्याची बाहेरची भिंत तर पावसाळाभर ओल धरते, तिच्यावर टांगू नका. मधल्या खोलीची भिंत बरी. तांबूस ठिपके आलेच असतील तर लिंबू किंवा ब्लीच लावायच्या भानगडीत पडू नका. शेजारणीने सुचवलेला ब्रेडचा तुकडाही नको, त्याचे कण राहतात आणि कसर त्यावरच येते.

माझी पेन्सिलीची रेघ खोडायला मी रबर हातात घेतलं होतं. काकांनी ते काढून घेतलं. "आता राहू द्या," म्हणाले, "रबर घासलंत तर छापलेली शाईही निघेल."