पिझ्झ्यावर काय घालायचे, हे बेसला विचारावे

घरी पिझ्झा करायचा ठरला की पहिली चर्चा होते ती वर काय घालायचे याचीच. एकाला मशरूम हवे असतात, दुसऱ्याला पनीर, मुलांना मक्याचे दाणे, आणि शेवटी सर्वांचे मन राखण्यासाठी सगळेच थोडे थोडे घातले जाते. असा पिझ्झा ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा त्याच्या कडा वाळलेल्या असतात आणि मधला भाग ओला राहिलेला असतो. तुकडा उचलला की टोक लोंबते आणि वरचा सगळा ऐवज ताटात घसरतो. मीही अनेक महिने असेच पिझ्झे केले आणि दर वेळी दोष चीजला दिला. पुढे वेगवेगळ्या गावांच्या पिझ्झ्यांची रीत नीट वाचून, एकेक करून पाहिल्यावर लक्षात आले की जिथे जिथे पिझ्झ्याची स्वतःची पद्धत रुजली, तिथे टॉपिंग हे बेसची जाडी, भट्टीची आच आणि भाजण्याचा वेळ या तीन गोष्टींना धरून ठरले आहे. म्हणून आधी बेस ठरवावा आणि मग त्याला काय पेलेल ते पाहावे.

सुरुवात इटलीतल्या नेपल्सपासून करणे योग्य ठरेल. तिथल्या पारंपरिक पिझ्झ्याला युरोपीय संघाने 2010 मध्ये नोंदणी देऊन संरक्षण दिले आणि 2017 मध्ये तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. लाकडाच्या भट्टीत सुमारे 485 अंश सेल्सिअसला हा पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत भाजून निघतो. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच त्याची कणीक होते. ती हाताने पसरतात, लाटणे लावत नाहीत, त्यामुळे कडेला हवा राहून काठ फुगतो आणि मधला भाग मऊ, लवचीक राहतो. इतक्या कमी वेळात भाजी शिजणार नाही आणि तिचे पाणीही आटणार नाही. म्हणूनच तिथले दोन मुख्य प्रकार अगदी साधे आहेत: मारिनारामध्ये टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल असते, चीज मुळीच नसते; मार्गेरितामध्ये टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल असते. मार्गेरिता हे नाव 1889 मध्ये नेपल्सला आलेल्या राणीवरून पडले असे सांगितले जाते.

आता हीच मार्गेरिता आपल्या घरी 250 अंशांच्या ओटीजीमध्ये करायची झाली, तर तिला सात-आठ मिनिटे लागतात आणि सगळे गणित बदलते. नेपल्समध्ये बेसिलची पाने भाजण्यापूर्वीच ठेवतात, कारण दीड मिनिटात ती फक्त कोमेजतात. आपल्या ओव्हनमध्ये ती काळी पडतात, म्हणून पिझ्झा बाहेर काढल्यावरच ठेवावीत. ताजा मोझरेला पाण्यात ठेवलेला असतो. तो चिरून तासभर चाळणीत निथळत ठेवावा आणि मग स्वच्छ कापडाने टिपून घ्यावा. आपल्याकडचे टोमॅटो बहुधा पाणीदार असतात, त्यामुळे ते उकडून, साल काढून, कुस्करून मंद आचेवर इतके आटवावेत की चमच्याने ओढलेली रेघ कढईच्या तळाशी क्षणभर तशीच राहावी. (बेसिल मिळाले नाही तर तुळस घालू नये, तिचा स्वाद फार वेगळा आहे. ज्या झाडाचे बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा आहे. त्याचा वास इटालियन बेसिलपेक्षा उग्र असतो, म्हणून पाने निम्मीच घ्यावीत.)

कणकेचे प्रमाण एकदाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे पुन्हा सांगावे लागणार नाही. 500 ग्रॅम मैदा, 310 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एकत्र करून परातीत दहा मिनिटे चांगले मळावे. गोळा तासभर बाहेर झाकून ठेवावा, नंतर फ्रिजमध्ये एक दिवस राहू द्यावा आणि करण्याच्या दोन तास आधी तीन भाग करून बाहेर काढून ठेवावेत. प्रत्येक भागाचा साधारण 30 सेंटिमीटरचा पिझ्झा होतो. ओव्हनमध्ये जाड लोखंडी तवा उलटा घालून, जास्तीत जास्त आचेवर किमान अर्धा तास तापू द्यावा. तव्याची मूठ प्लास्टिकची किंवा लाकडी नसावी. पसरलेला बेस रवा भुरभुरलेल्या ताटलीवरून थेट त्या तापलेल्या तव्यावर सरकवला की खालची बाजू लगेच भाजायला लागते, आणि घरच्या पिझ्झ्यात सर्वांत जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो.

रोमचा पातळ, गोल पिझ्झा नेपल्सच्या अगदी उलट वळणाचा आहे. कणकेत थोडे तेल असते, ती लाटण्याने पातळ लाटतात आणि पिझ्झा थोड्या कमी आचेवर अधिक वेळ भाजून कुरकुरीत करतात. ज्या घरात रोज पोळ्या होतात त्या घराने सुरुवात इथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लाटण्यावर हात बसलेला असतो आणि घरगुती ओव्हनची आचही या पिझ्झ्याला मानवते. वरच्या प्रमाणात दोन मोठे चमचे तेल वाढवले आणि पाणी थोडे कमी केले की काम होते. रोममध्येच आयताकृती ट्रेमध्ये भाजलेला, कात्रीने कापून वजनावर विकला जाणारा आणखी एक पिझ्झा मिळतो. त्यावर कागदासारख्या पातळ बटाट्याच्या चकत्या आणि रोझमेरी घालतात. बटाट्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून, पिळून, तेल चोळून पसरल्या तर त्या बेसबरोबरच शिजतात आणि कडेने तांबूस होतात. चीज नसलेला हा पिझ्झा एकदा तरी करून पाहावा.

सिसिलीत, पालेर्मोमध्ये, स्फिंचोने नावाचा जाड आणि स्पंजासारखा पिझ्झा करतात. त्यावर टोमॅटोत बराच वेळ शिजवलेला भरपूर कांदा, अँकोव्ही मासे, काचोकावालो चीज आणि सर्वांत वर ब्रेडचा चुरा असतो. हा चुरा तेल पिऊन कुरकुरीत होतो. जाड बेसला ओलसर रस पेलतो, हे इथे अगदी स्वच्छ दिसते. तोच कांद्याचा रस नेपल्सच्या पातळ बेसवर घातला तर त्याचा लगदा होईल.

इटालियन स्थलांतरितांबरोबर पिझ्झा अमेरिकेत गेला तेव्हा भट्ट्या बदलल्या, पीठ बदलले आणि मुख्य म्हणजे चीज बदलले. न्यूयॉर्कमध्ये लोम्बार्डीज हे 1905 पासूनचे पिझ्झा दुकान म्हणून ओळखले जाते. तिथला पिझ्झा मोठा असतो, तुकड्या-तुकड्याने विकला जातो आणि लांबट घडी घालून हातात धरून खातात. घडी घालताना कड तडकली पाहिजे पण तुटता कामा नये, ही त्याची परीक्षा. त्याला कमी पाण्याचा मोझरेला लागतो. अमेरिकी नियमांनुसार साध्या मोझरेलात 52 ते 60 टक्के ओलावा चालतो, कमी पाण्याच्या मोझरेलात 45 ते 52 टक्के. आपल्या बाजारात पिझ्झ्यासाठी म्हणून मिळणारा घट्ट मोझरेला याच दुसऱ्या जातीचा असतो, त्यामुळे घरच्या ओव्हनमध्ये न्यूयॉर्क पद्धत साधणे नेपल्सपेक्षा सोपे जाते. शेजारच्या न्यू हेवन शहरात किनाऱ्यावर मिळणारे शिंपले, लसूण, तेल आणि किसलेले चीज घालून, टोमॅटोशिवाय पांढरा पिझ्झा करतात. ताज्या तिसऱ्या (छोटे शिंपले) मिळत असतील तर कोकणात आणि गोव्यातही तो उत्तम होईल. तिसऱ्या आधी वाफवून, आतले मांस बाहेर काढून, पूर्ण निथळून घ्याव्यात आणि शेवटच्या तीन मिनिटांतच वर पसराव्यात.

शिकागोच्या खोल पिझ्झ्याचा प्रारंभ 1943 च्या पिझ्झेरिया उनोपासून मानतात. त्यात चीज खाली आणि टोमॅटो वर असतो, आणि त्याला कारण आहे: हा पिझ्झा अर्ध्या तासाहून अधिक वेळ भट्टीत राहतो, तेवढ्या वेळात वर असलेले चीज करपून जाईल. डेट्रॉइटचा पिझ्झा मात्र मला घरासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. 1946 मध्ये बडीज नावाच्या ठिकाणी सुरू झालेल्या या पिझ्झ्यासाठी मोटारींच्या कारखान्यांत वापरायचे पोलादी चौकोनी ट्रे वापरले गेले, अशी त्याची हकिगत सांगतात. केकच्या चौकोनी भांड्याला सढळ हाताने तेल लावून कणीक त्यात पसरावी, दोन तास फुगू द्यावी आणि चीज थेट भांड्याच्या कडेपर्यंत घालावे. भाजताना कडेचे चीज तेलात तळले जाऊन त्याची गडद, खरपूस चौकट तयार होते. टोमॅटोचा रस वरून दोन-तीन पट्ट्यांत घालतात, त्यामुळे बेस ओला होत नाही. जास्त टॉपिंग आवडणाऱ्या घराने हाच बेस निवडावा.

अननस घातलेला हवाईयन पिझ्झा हवाईत जन्मला नाही. 1962 मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, चॅटम या गावी, सॅम पॅनोपुलोस या मूळच्या ग्रीक गृहस्थांनी तो केला आणि डब्यातल्या अननसाच्या ब्रँडच्या नावावरून त्याला नाव दिले. अननस घालायचाच असेल तर डब्यातला घ्यावा किंवा ताजा तव्यावर कोरडा भाजून घ्यावा. ताज्या अननसातले ब्रोमेलेन हे विकर प्रथिने तोडते आणि त्यामुळे चीज कडवट होऊ शकते; उष्णतेने ते निष्प्रभ होते. ब्वेनोस आयरेसमध्ये आत चीज भरून वर कांदा घातलेला फुगाझेता, स्वीडनमध्ये केळे आणि करी पावडर, जपानमध्ये मेयोनीज आणि मका असे प्रकार आहेत. त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या जिभेला जे रुचते ते पिझ्झ्यावर आले, आणि आपल्याकडे पनीर, कांदा आणि ढोबळी मिरची आली ती याच न्यायाने. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मात्र पनीर वितळत नाही, कारण ते आम्लाने फाडलेले असते. म्हणून त्याचे बोराएवढे तुकडे करून, त्यांना दही-मसाला किंवा निदान तेल-तिखट चोळून मगच ठेवावे, नाहीतर ते ओव्हनमध्ये रबरासारखे होतात.

भाज्यांच्या बाबतीत खरा शत्रू पाणी आहे. मशरूममध्ये वजनाच्या सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. जाड काप करून मोठ्या आचेवर, मीठ न घालता, कोरड्या कढईत टाकावेत. दोन मिनिटांनी तळाशी पाणी सुटते आणि सगळे बुडबुडत राहते. इथे घाई करू नये. पाणी आटत गेले की आवाज बदलतो, बुडबुड थांबून चुरचुर सुरू होते आणि कापांच्या कडा तपकिरी दिसू लागतात. तेव्हा चमचाभर तेल आणि मीठ घालून उतरवावे. 200 ग्रॅम मशरूमचे मूठभर झालेले असतात, आणि एका पिझ्झ्याला तेवढेच पुरतात. पालक परतून मुठीत घट्ट पिळावा. ढोबळी मिरची आणि कांदा पातळ चिरले तर कच्चे चालतात. एकूण हिशोब असा ठेवावा: 30 सेंटिमीटरच्या पातळ बेसवर टोमॅटोचा रस 80 ग्रॅम, चीज 100 ते 120 ग्रॅम आणि बाकीचे सगळे मिळून 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. दोन टॉपिंग पुरेशी होतात, तीन ही मर्यादा.

बेकरीतला तयार बेस वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तो आधीच भाजलेला असतो. त्याची वरची बाजू तव्यावर दोन मिनिटे कोरडी शेकावी, तिला तेलाचा पातळ हात द्यावा आणि त्यावर आधी थोडे चीज, मग रस, मग भाजी अशा क्रमाने रचावे. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवूनही चीज वितळते, पण झाकणाला आतून जमणारी वाफ दर दोन मिनिटांनी पुसून काढावी लागते. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी गरम करायला मायक्रोवेव्ह वापरू नये. तो तव्यावर ठेवावा, खालची बाजू कडक झाली की तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून अर्धा मिनिट झाकावा आणि चीज हलू लागताच काढून घ्यावा.